आज कोणाचे नाव घ्यायचे?

रविवारची उपासना आटोपून लोक चर्चच्या पायऱ्या उतरू लागले की मराठी ख्रिस्ती मंडळीत एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘प्रार्थनेत आठवण असू द्या.’ कोणाच्या मुलीची दहावी असते, कोणाच्या सासऱ्यांची अँजिओप्लास्टी ठरलेली असते, कोणाची नोकरी गेलेली असते. समोरचा माणूस ‘हो, नक्की’ म्हणतो आणि त्या क्षणी ते अगदी मनापासून म्हणतो. पण घरी पोचून ताटे वाढेपर्यंत ऐकलेल्या पाच नावांपैकी दोन निसटलेली असतात आणि बुधवार उजाडेपर्यंत उरलेली तीनही. दुसऱ्यासाठी देवापाशी शब्द टाकणे, ज्याला ख्रिस्ती परंपरेत मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात, त्यात श्रद्धेइतकाच आठवणीचाही प्रश्न असतो. म्हणून भाविक माणसे याद्या करत आली. बायबलच्या पानांत घडी घालून ठेवलेले चिठोरे, जुन्या डायरीची मागची पाने, वहीत आखलेले रकाने ही त्या याद्यांची नेहमीची घरे. आता ती यादी मोबाइलमध्ये आली आहे. काहींना ही मोठी सोय वाटते, तर काहींना देवाशी बोलताना मध्ये यंत्र आणल्यासारखे वाटते. मला वाटते, यादी मोबाइलमध्ये असायला हरकत नाही, उलट तिथे ती वहीपेक्षा चांगली चालू शकते. मात्र तिच्याकडून एकच काम घ्यावे: आज कोणाचे नाव घ्यायचे, एवढे सांगण्याचे. हिशेब ठेवणे, निकाल लावणे आणि गावभर कळवणे ही कामे तिच्याकडे गेली की यादी प्रार्थनेला मदत करेनाशी होते.

यादी आणि प्रार्थना यांचे नाते मोबाइलपेक्षा फारच जुने आहे. बायबलमधल्या निर्गमाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात मुख्य याजक अहरोनाच्या पोशाखाचे वर्णन येते. त्याच्या ऊरपटावर बारा रत्ने जडवायची आणि प्रत्येकावर इस्राएलाच्या एकेका वंशाचे नाव कोरायचे, म्हणजे पवित्र स्थानी जाताना तो ती नावे छातीवर वागवेल, अशी ती आज्ञा आहे. नावे त्याला पाठ नसतील असे कोणी म्हणणार नाही, तरीही ती लिहायला सांगितली. प्रेषित पौलाचे रोमकरांस पत्र संपते तो सोळावा अध्याय तर बहुतांशी नावांचाच आहे. पुढे आरंभीच्या ख्रिस्तमंडळ्यांत मेण लावलेल्या दोन जोडपाट्यांवर जिवंतांची आणि मृतांची नावे लिहून ती उपासनेत वाचली जात. या पाट्यांना डिप्टिक म्हणत. पाटीवरून नाव पुसणे म्हणजे त्या माणसाशी मंडळीचा संबंध तुटणे, इतके त्या यादीला वजन होते. कॉन्स्टँटिनोपलचा आर्चबिशप जॉन क्रिसोस्टम याला पाचव्या शतकाच्या आरंभी हद्दपार केल्यावर त्याचे नाव असेच वगळले गेले आणि त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी पुन्हा घातले गेले. मध्ययुगात मठांनी हीच रीत वाढवली. जर्मनीतल्या राइखेनाऊ बेटावरच्या मठात इ.स. ८२४ च्या सुमारास एक नामग्रंथ सुरू झाला. त्यात भरत गेलेल्या नावांची संख्या सुमारे ३८ हजार आहे. एकेका नावाला दोन सेकंद दिले तरी सगळी नावे वाचायला एकवीस तास लागतील. अशी पुस्तके वेदीवर ठेवायची आणि त्यातल्या सर्वांचे स्मरण झाले असे मानायचे, ही वाट मग साहजिकच निघाली. त्या भिक्षूंना मी दोष देत नाही. पण यादीचा मूळ आजार तिथे उघड दिसतो. नाव लिहायला क्षण पुरतो, ते मनापासून उच्चारायला मात्र वेळ द्यावा लागतो, त्यामुळे यादी नेहमीच प्रार्थनेपेक्षा वेगाने वाढते.

कागदाच्या वहीत हा आजार वेगळ्या रूपात दिसतो. वाचन पहिल्या पानापासून सुरू होते, म्हणून वरच्या दहा नावांना रोज प्रार्थना लाभते आणि विसाव्या पानावरच्या नावापर्यंत कोणी पोचतच नाही. जे बरे झाले त्यांची नावे तशीच राहतात, जे नव्याने आजारी पडले त्यांची समासात कोंबली जातात. वर्षाअखेर ती वही पाहून प्रार्थना करावीशी वाटण्यापेक्षा अपराधी वाटण्याचाच संभव अधिक. संगणकाला नेमके हेच सोडवता येते. समजा १२० नावे आहेत आणि सकाळची दहा मिनिटे हाताशी आहेत. एका नावाला दोन मिनिटे धरली तर रोज पाच नावे होतात आणि चोविसाव्या दिवसापर्यंत प्रत्येकाचा क्रम एकदा येऊन जातो. कोणाचे नाव सर्वांत जास्त दिवस घेतलेले नाही ते पाहून ते पुढे आणायचे, हे गणित यंत्राला क्षणाचेही नाही. अँडी गिअर्स या ब्रिटिश प्रोग्रॅमरने २०११ मध्ये आणलेले ‘प्रेअरमेट’ हे ॲप याच कल्पनेवर उभे आहे. प्रत्येक नावाचे एक कार्ड करायचे, कार्डांचे गठ्ठे करायचे: घरचे, मंडळीतले, आजारी, दूरदेशी असलेले. मग रोज किती कार्डे समोर यावीत हे आपण ठरवायचे. एखादे रोज, एखादे फक्त सोमवारी, एखादे अमुक तारखेला, बाकीची आळीपाळीने. त्यासाठी खास ॲपच हवे असेही नाही. मोबाइलमधल्या कॅलेंडरात ‘दर गुरुवारी’ अशी नोंद करता येते. ऑपरेशनची तारीख, मुलाखतीची तारीख, आईच्या वर्षश्राद्धाला एकटी पडणारी मैत्रीण, हे सारे त्यात बसते. साध्या नोंदवहीच्या ॲपमध्ये सात दिवसांची सात पाने केली तरी बरेचसे साधते. किंबहुना सात पानांची ही युक्ती संगणकाची नव्हेच. १६२६ साली वारलेला इंग्लिश बिशप लॅन्सलॉट अँड्र्यूज याने स्वतःपुरत्या लिहून ठेवलेल्या प्रार्थनाही आठवड्याच्या वारांप्रमाणे लावलेल्या होत्या.

यावर पहिला आक्षेप येतो तो गंभीर आहे आणि तो श्रद्धावंतांकडूनच येतो. प्रार्थना आतून उमलली पाहिजे. घंटा वाजली, कार्ड आले, नाव घेतले, याला प्रार्थना म्हणायचे की हजेरी? व्यर्थ बडबड करू नका, असे येशूनेच शिष्यांना बजावले आहे. या आक्षेपात तथ्य आहे, पण उत्स्फूर्तता आणि शिस्त यांना तो परस्परांचे वैरी समजतो. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे आध्यात्मिक जागरण झाले, त्याची ओळख अचानक उसळलेली लाट अशीच आहे. मुली रात्र-रात्र रडत, गात, प्रार्थना करत होत्या. पण त्या जूनअखेरीच्या लाटेआधीचे महिने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. त्या वर्षीच्या जानेवारीत रमाबाईंनी रोज प्रार्थनेसाठी एकत्र येणाऱ्या मुलींची मागणी केली. सुरुवातीला सुमारे सत्तर जणी पुढे आल्या आणि जूनपर्यंत तो आकडा साडेपाचशेच्या घरात गेला. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ठरलेला विषय असा तो क्रम होता. सॅक्सनीतल्या हेर्नहूट गावच्या मोरावियन मंडळीनेही १७२७ साली चोवीस पुरुष आणि चोवीस स्त्रियांत दिवसाचे तास वाटून घेतले आणि ती अखंड प्रार्थना शंभरावर वर्षे चालली, असे त्यांचा इतिहास सांगतो. रात्री तीनचा तास ज्याच्या वाट्याला आला तो उत्स्फूर्तपणे उठत नसणार. नेम माणसाला फक्त दारापर्यंत आणतो. आत गेल्यावर काय घडावे ते नेमाच्या हातात नसते, पण दारापर्यंत कोणी आलेच नाही तर काहीच घडत नाही.

तरी यांत्रिकपणाची भीती उरतेच आणि त्यावर उपाय यादी टाकून देण्याचा नाही, यादीची घडण बदलण्याचा आहे. अमेरिकन लेखक पॉल मिलर याने ‘अ प्रेइंग लाइफ’ या २००९ सालच्या पुस्तकात सलग यादीपेक्षा कार्डांची शिफारस केली आहे. एका कार्डावर एकच माणूस, त्याच्याविषयी दोन-चार ओळी आणि बायबलमधले एखादे वचन. यात मोठे शहाणपण आहे. ‘सुनंदा – आजार’ एवढेच लिहिले तर डोळा त्या ओळीवरून घसरतो. ‘सुनंदा, केमोची तिसरी फेरी, रात्री झोप येत नाही, मुलाला अजून सांगितलेले नाही’ असे लिहिले तर समोर माणूस उभा राहतो. मानसशास्त्रज्ञ बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलेल्या प्रयोगांत असे आढळले, की माहिती संगणकात साठून राहणार आहे असे समजणारे लोक ती कमी लक्षात ठेवतात. त्या मालिकेतल्या सर्वच प्रयोगांना पुढे दुजोरा मिळाला नाही, पण मोबाइल आल्यापासून फोन नंबर पाठ असणे जवळपास संपले, हे सर्वांच्या अनुभवातले आहे. तेव्हा यादी यंत्रात ठेवल्याने नाव विसरण्याची मुभा मिळते, हा आक्षेप मला मान्य आहे. मात्र नाव विसरणे आणि माणूस विसरणे यांत अंतर आहे. आज कोणाचा दिवस आहे ही चिंता यंत्राने उचलली, तर दहा मिनिटांत आठवणीशी झटण्याऐवजी त्या माणसाचाच विचार करता येतो. मोकळ्या झालेल्या लक्षाचे आपण काय करतो, यावर सगळे आहे.

इथपर्यंत यंत्र उपयोगी पडते. पुढची पायरी घातक आहे आणि बहुतेक ॲप्स तिकडेच ओढतात. सलग किती दिवस प्रार्थना केली याचा आकडा, महिन्याचा आलेख आणि ‘उत्तर मिळाले’ असे बटण. या बटणाचा पूर्वज सन्मान्य आहे. ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथ मुलांना सांभाळणारा जॉर्ज म्यूलर आपल्या मागण्या तारखेसह लिहून ठेवी आणि उत्तर मिळाले की तेही तारखेसह नोंदवी. त्याच्यापुरती ती कृतज्ञतेची वही होती. पण नोंद आणि निकाल यांतली रेष फार बारीक असते. इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन याने १८७२ साली ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’त असा हिशेब मांडला, की इंग्लंडभरच्या चर्चमधून ज्यांच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना होते त्या राजघराण्यांतल्या लोकांचे सरासरी आयुष्य ६४ वर्षांच्या आसपास, म्हणजे त्याने तुलनेला घेतलेल्या गटांत सर्वांत कमी भरते. २००६ मध्ये हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांनी सहा रुग्णालयांतल्या १,८०२ बायपास रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रार्थना करणाऱ्या गटांना रुग्णाचे पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर एवढीच यादी दिली जाई आणि ते चौदा दिवस त्यांच्यासाठी प्रार्थना करत. आपल्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही, असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यात प्रार्थनेने फरक पडला नाही. गुंतागुंत झालेल्यांचे प्रमाण ५२ आणि ५१ टक्के होते. ज्यांना नक्की प्रार्थना होणार असे कळवले होते त्यांच्यात ते ५९ टक्के निघाले.

नास्तिक वाचक इथे विचारील, मग यादी कशाला? श्रद्धावंत म्हणेल, देवाला प्रयोगशाळेत बसवता येत नाही. दोघांचे भांडण इथे सोडवण्याची गरज नाही, कारण दोघांकडून एकच गोष्ट निघते: यादी हे निकाल मोजण्याचे साधन नव्हे. यशाची टक्केवारी काढायला बसलेला माणूस प्रार्थना सोडून गाल्टनच्या टेबलाशी जाऊन बसलेला असतो. यादीला जाब विचारायचा तर एवढाच विचारता येतो, की ज्यांना ‘आठवण ठेवतो’ म्हणालो त्यांची ठेवली का. आणि हा प्रश्न नास्तिकालाही परका नाही. आजाऱ्याचे नाव पंधरा दिवसांनी समोर आले आणि प्रार्थनेनंतर त्याला फोन केला गेला, तर तो फोन खराच असतो.

‘उत्तर मिळाले’ या बटणाची खरी अडचण दुःखाच्या दिवशी कळते. ॲपला नावाच्या दोन-तीनच अवस्था ठाऊक असतात: चालू, उत्तर मिळाले, बाजूला काढले. ज्याच्या बरे होण्यासाठी आठ महिने प्रार्थना केली तो माणूस वारला, तर कोणते बटण दाबायचे? ‘उत्तर मिळाले’ म्हणवत नाही आणि ‘बाजूला काढा’ यावर बोट ठेवताना हात थरथरतो. इथे एकाच बटणामागे दोन धर्मविचार उभे आहेत. वसईतल्या किंवा गोव्यातल्या कॅथलिक घरात मृताचे नाव यादीतून जातच नाही, ते फक्त दुसऱ्या यादीत जाते. त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगितली जाते आणि २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, त्याचे नाव पुन्हा घेतले जाते. अहमदनगर किंवा सोलापूरकडच्या प्रोटेस्टंट मंडळीत मृतासाठी प्रार्थना करण्याची रीत नाही. तिथे माणूस गेला त्याच दिवशी कार्डावर विधवेचे, मुलांचे नाव येते आणि मागणीची जागा आभार घेतात. दोन्ही रीतींत नावाला पुढे जागा आहे. ॲपच्या रचनेत ती आपणच करावी लागते. मृतांचा वेगळा गठ्ठा करावा किंवा कार्डावरचे नाव बदलून घरच्यांचे करावे. काम अर्ध्या मिनिटाचे आहे, पण ते आपल्या हाताने करावे.

सर्वांत गाफील आपण राहतो ते गुप्ततेच्या बाबतीत. कागदाची यादी बायबलच्या पानांतून बाहेर पडत नसे. मोबाइलमधली यादी एका स्पर्शाने दोनशे जणांकडे जाते. ‘प्रार्थना विनंती’ म्हणून व्हॉट्सॲप गटात जे फिरते त्यात पूर्ण नाव, रुग्णालय, खाटेचा क्रमांक, निदान, कधी नवरा-बायकोतले बिनसलेले, कधी मुलाचे व्यसन असे काहीही असते. हेतू शुद्धच असतो, पण शुद्ध हेतू पुरत नाही. स्वीडनमधल्या एका चर्चमध्ये दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) विधीची तयारी करणाऱ्यांना शिकवणाऱ्या बाईंनी, विद्यार्थ्यांची सोय व्हावी म्हणून, सहकाऱ्यांची माहिती इंटरनेटवर ठेवली. एकीच्या पायाला दुखापत झाल्यामुळे ती अर्धवेळ काम करते, असेही त्यात होते. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले आणि ६ नोव्हेंबर २००३ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की पायाची ती दुखापत ही आरोग्याविषयीची माहिती ठरते आणि सर्वांना उघड केलेली माहिती घरगुती बाब राहत नाही. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला वगळतो. माझ्या मोबाइलमधली माझी यादी त्यात बसेल, पण संस्थेने चालवलेल्या शेकडो सभासदांच्या यादीला तोच आडोसा मिळेल असे गृहीत धरू नये. ॲपकंपन्यांचा भरवसाही तपासून घ्यावा. मोझिला फाउंडेशनने २०२२ मध्ये मानसिक आरोग्य आणि प्रार्थना या विषयांवरची ३२ ॲप्स गोपनीयतेच्या दृष्टीने पाहिली, तेव्हा बहुसंख्य ॲप्सवर धोक्याचा शिक्का मारावा लागला. कायदा बाजूला ठेवला तरी बेन्सन यांच्या अभ्यासातले ते ५९ टक्के मनात राहतात. ते योगायोगाने आले असतील, असे संशोधकांनाही वाटले. पण ‘माझ्यासाठी इतके लोक प्रार्थना करताहेत, म्हणजे मी किती गंभीर असेन’ असा विचार रुग्णाच्या मनात येऊ शकतो, हे नाकारता येत नाही. म्हणून नाव गटावर टाकण्याआधी त्या माणसाला विचारावे आणि काय लिहू तेही विचारावे. ज्यू परंपरेत आजाऱ्यासाठीच्या प्रार्थनेत व्यक्तीचे नाव आईच्या नावासह घेतात, ‘अमुकीचा मुलगा अमुक’. देवाला ओळख पटते आणि परक्याला पत्ता लागत नाही. खासगी यादीत तर आद्याक्षरही पुरते.

मोबाइलच हाती घेतला तर प्रार्थनेआधी बातम्या आणि प्रार्थनेनंतर रील्स, हा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. विमान मोड लावावा, नाही तर रविवारी रात्री आठवड्याची नावे कागदावर उतरवून घ्यावीत आणि सकाळी फोन दुसऱ्या खोलीत राहू द्यावा. ही तडजोड कमीपणाची नाही. क्रम यंत्राने लावला आणि नावे हाताने लिहिली, तर लिहिता-लिहिताच अर्धी प्रार्थना होते.

राहता राहिला यादी फुगण्याचा प्रश्न, ज्यात राइखेनाऊचे भिक्षू अडकले. अनेक सिनेगॉगांत आजाऱ्यांच्या यादीतले नाव ठरावीक मुदतीनंतर, बहुधा महिन्याने, काढले जाते आणि हवे असल्यास घरच्यांनी ते पुन्हा द्यायचे असते. हाच नियम मोबाइलमध्ये सहज लावता येतो. महिना झाला की कार्डाने विचारावे: अजून हवे का? परीक्षा झाली, घर मिळाले, ऑपरेशन पार पडले, की आभार मानून नाव उतरवावे. यावर कोणी म्हणेल की ही तर प्रेमाला मुदत घालणे झाले, आणि पुरावा म्हणून पुन्हा जॉर्ज म्यूलरचेच उदाहरण देईल. १८४४ च्या नोव्हेंबरात त्याने पाच जणांच्या हृदयपरिवर्तनासाठी प्रार्थना सुरू केली. पहिल्याला दीड वर्ष लागले, दुसऱ्याला आणखी पाच, तिसऱ्याला त्यापुढे सहा. उरलेल्या दोघांसाठी छत्तीस वर्षे झाली तरी रोजची प्रार्थना चालूच असल्याचे त्याने नंतर सांगितले. मासिक मुदतीच्या यादीत ही दोन नावे टिकली नसती, असे वाटणे साहजिक आहे. पण मुदत नाव पुसत नाही, ती फक्त विचारते. म्यूलरच्या हाती असा मोबाइल असता, तर त्या छत्तीस वर्षांत त्याला प्रत्येक नावापाशी चारशे बत्तीस वेळा विचारले गेले असते, अजून हवे का, आणि चारशे बत्तीस वेळा त्याने हो म्हटले असते.